ड्युटी चार्टमधून दिसणारी माया : कोल्हापुरातील अधिसेविका आणि इन्चार्ज सिस्टरांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर शहर व जिल्ह्यातील शासकीय, महापालिकेच्या, धर्मादाय आणि खासगी रुग्णालयांतील सर्व अधिसेविका, नर्सिंग सुपरिंटेंडेंट, परिसेविका, इन्चार्ज सिस्टर, तसेच त्यांची नेमणूक करणारी व्यवस्थापने

सस्नेह नमस्कार.

परिचारिकेने रुग्णाशी मायेने वागावे, ही अपेक्षा सगळेच बाळगतात. 12 मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, दिवे लावून शपथ घेतली जाते, पाहुण्यांची भाषणे होतात, गुलाबाची फुले वाटली जातात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मुली भरलेल्या वॉर्डात दोघी-दोघीच उभ्या असतात. त्या मुलींशी मायेने कोणी वागायचे, हा विषय मात्र कार्यक्रमपत्रिकेवर कधी येत नाही. मी शासकीय सेवेतून परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख परिचारिका, म्हणून निवृत्त झाले आणि नंतर काही काळ खासगी रुग्णालयांतही काम केले. दोन्हीकडचे वॉर्ड आतून पाहिल्यामुळे हे पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे.

इन्चार्ज सिस्टर किती गोड बोलते यावरून तिची माणुसकी कळत नाही, असे माझे मत झाले आहे. ती कळते ड्युटी चार्टवरून, रजेच्या अर्जावर तिने काय केले यावरून, आणि वॉर्डात चूक घडल्यानंतर पहिल्या अर्ध्या तासात ती काय विचारते यावरून.

चार्टपासून सुरुवात करते, कारण मुली तो कागद पगाराच्या पावतीपेक्षा बारकाईने वाचतात. अनेक ठिकाणी सोमवारपासूनचा चार्ट शनिवारी संध्याकाळी उशिरा लागतो, आणि तोवर आपली नाईट आहे की मॉर्निंग हे कोणालाच ठाऊक नसते. जी गारगोटीकडून किंवा पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावातून एसटीने येते, जिचे मूल अंगणवाडीत आहे, जिच्या सासऱ्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला आणावे लागते, तिच्या घरचे सगळे वेळापत्रक त्या कागदावरच्या एका ओळीवर ठरते. इव्हिनिंगची ड्युटी संपल्यावर पुढच्या शिफ्टला चार्ज देण्यात अर्धा-पाऊण तास जातो आणि तोवर सीबीएसवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून, गावाकडची शेवटची गाडी सुटलेली असते. हे इन्चार्जला माहीत नसते असे नाही. चार्ट भरताना ते तिच्या डोळ्यासमोर येत नाही, कारण चार्टवर फक्त नावे असतात, गावे नसतात. नाईट संपवून सकाळी चार्ज दिलेल्या मुलीला अकरा वाजताच्या व्याख्यानासाठी थांबवून घेतलेले मी पाहिले आहे, आणि त्या व्याख्यानाचा विषय 'रुग्णांशी सहानुभूतीने कसे वागावे' हा होता!

चार्टमध्ये आणखी एक गोष्ट लपत नाही, ती म्हणजे लाडकी कोण आणि नावडती कोण. गौरी-गणपतीला, भाऊबीजेला, रमजान ईदला किंवा नाताळला दरवर्षी त्याच दोन-तीन मुलींची ड्युटी येऊ लागली, की वॉर्डात गट पडायला दुसरे कारण लागत नाही. मागच्या वर्षी भाऊबीजेला कोण ड्युटीवर होते, हे इन्चार्जच्या आठवणीवर न सोडता एका साध्या वहीत लिहिलेले असावे आणि ती वही कोणालाही पाहता यावी. माझ्या ओळखीच्या एका सिस्टरांनी हे केले. त्यांचा स्वभाव कडक होता, हसणे क्वचितच, पण त्यांच्या वॉर्डातून बदली मागणारी मुलगी मला आठवत नाही. पुढच्या दोन आठवड्यांचा चार्ट त्या आधीच लावत, आपापसांत अदलाबदल करायची असेल तर दोघींच्या सह्या घेऊन परवानगी देत, आणि लागोपाठच्या नाईट संपल्या की ठरलेला ऑफ काहीही झाले तरी कापत नसत.

माया ही व्यवस्थेत उतरवता येते, याचे आपल्याच राज्यातील मोठे उदाहरण अरुणा शानबाग यांच्या सेवेचे आहे. 27 नोव्हेंबर 1973 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात या परिचारिकेवर तिथल्याच एका कर्मचाऱ्याने अत्याचार केला आणि 18 मे 2015 रोजी मृत्यू येईपर्यंत जवळजवळ 42 वर्षे त्या त्याच रुग्णालयात खाटेला खिळून होत्या. इतक्या वर्षांत त्यांना बेडसोर (पडून राहिल्याने होणारी जखम) होऊ दिला गेला नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2011 च्या निकालात तिथल्या कर्मचाऱ्यांच्या सेवेचे मनापासून कौतुक केले. या काळात परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. अरुणाताईंना चालता-बोलताना कधीही न पाहिलेल्या मुलींनी त्यांची कूस बदलली, त्यांना भरवले. कोणा एकीच्या चांगुलपणावर 42 वर्षे निघत नाहीत. प्रत्येक शिफ्टमध्ये हे काम कोणाचे, हे ठरलेले असल्याशिवाय आणि वरिष्ठांनी ते कामात धरल्याशिवाय अशी सेवा टिकत नाही.

आता चुकीविषयी. एका रात्री नव्याने लागलेल्या मुलीने डिस्टिल्ड वॉटर समजून पोटॅशियम क्लोराईडचे अँप्युल (इंजेक्शनच्या औषधाची बंद कुपी) फोडले. सिरिंज भरण्यापूर्वी तिने लेबल पुन्हा वाचले आणि ती थांबली. रुग्णाला काहीही झाले नाही, कोणी पाहिलेही नव्हते. हे औषध सलाइनमध्ये पातळ करून सावकाश द्यायचे असते. तसेच शिरेत गेले तर हृदय बंद पडू शकते, हे आपणांस सांगायला नको. सकाळी चार्ज देताना तिने घडलेले स्वतःहून सांगितले, तेव्हा तिचे हात थरथरत होते. इन्चार्ज सिस्टरांनी तिला आधी बसायला सांगितले आणि मग एकच प्रश्न विचारला, "दोन्ही अँप्युल ठेवली कुठे होती?" ती ट्रॉलीच्या एकाच कप्प्यात शेजारी-शेजारी होती, दोन्ही प्लास्टिकची, एकाच आकाराची, बारीक अक्षरांच्या लेबलची. त्याच सकाळी पोटॅशियम क्लोराईड ट्रॉलीवरून निघून कुलपाच्या खणात गेले, खणावर लाल पट्टी लागली, फार्मसीला वेगळ्या डब्यात पाठवण्याची सूचना गेली, आणि दुपारच्या चार्जच्या वेळी सगळ्यांना, मुलीचे नाव न घेता, घडले ते सांगण्यात आले.

दुसऱ्या एका रुग्णालयात अशाच स्वरूपाची गोष्ट सांगणाऱ्या मुलीला केबिनबाहेर दोन तास उभे करण्यात आले, मेमो देण्यात आला आणि पगारातून दंड कापला गेला. त्यानंतर त्या वॉर्डाच्या नोंदवहीत एकही चूक लिहिली गेली नाही. व्यवस्थापनाला त्या कोऱ्या पानांचा अभिमान वाटत होता आणि तपासणीला आलेल्यांना ती वही कौतुकाने दाखवली जात होती. मला मात्र त्या वॉर्डात माझा कोणी नातेवाईक दाखल करण्याची भीती वाटली असती.

हे केवळ माझे मत नाही. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात अमेरिकेतील रुग्णालयांमध्ये औषध देण्यातील चुकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या नेतृत्वाखालील विभागांत चुका कमी सापडतील अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात तिथे नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. शोध घेतल्यावर लक्षात आले की, या विभागांतील परिचारिका चूक बोलून दाखवायला भीत नव्हत्या, म्हणून ती कागदावर येत होती आणि दुरुस्त होत होती. जिथे इन्चार्जचा धाक होता, तिथे ती दडपली जात होती. धाक असलेल्या वॉर्डात रुग्णाला धोका जास्त, हा याचा सरळ अर्थ आहे. ब्रिटनमधील स्टॅफर्डच्या रुग्णालयात 2005 ते 2009 या काळात रुग्णांची जी भयंकर हेळसांड झाली, तिच्या चौकशीचा 290 शिफारशींचा अहवाल 2013 मध्ये आला, त्यातही हिशेब आणि उद्दिष्टे यांच्या मागे लागलेले व्यवस्थापन, अपुरे कर्मचारी आणि बोलायला घाबरणारे वॉर्ड हेच चित्र होते.

"माणुसकीने वागले की मुली डोक्यावर बसतात," हे वाक्य मी अनेक वरिष्ठांकडून ऐकले आहे आणि त्यात तथ्य अजिबात नाही असे म्हणणार नाही. सतत उशिरा येणारी, म्हाताऱ्या रुग्णावर खेकसणारी, काखेत थर्मामीटर न लावताच टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट भरून टाकणारी मुलगी प्रत्येक वॉर्डात एखादी असते. तिला सांभाळून घेणे म्हणजे तिचे काम दुसरीच्या गळ्यात घालणे, आणि रुग्णाचे नुकसान ते वेगळेच. तिच्याशी स्पष्ट बोललेच पाहिजे, गरज पडली तर लेखीही दिले पाहिजे. प्रश्न आहे कुठे आणि कसे बोलायचे याचा. आपल्या कोल्हापुरात तोंडावर बोलायची रीत आहे आणि मला ती आवडते. पण तोंडावर बोलणे वेगळे आणि चारचौघांत पाणउतारा करणे वेगळे. राउंडला आलेल्या डॉक्टरांसमोर, रुग्णाच्या नातेवाइकांसमोर किंवा आजकाल वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव घेऊन झापले, की त्या मुलीचे काम सुधारत नाही, ती फक्त इन्चार्जच्या नजरेस न पडण्याची कला शिकते. रजेवर असलेल्या मुलीला ग्रुपवरून "अर्जंट रिप्लाय दे" म्हणून टोचणे हाही त्यातलाच प्रकार आहे.

ब्रिटनमधील अभ्यासक मायकेल वेस्ट यांनी आरोग्यसेवेतील करुणामय नेतृत्वाची चार कामे सांगितली आहेत : समोरच्याचे लक्ष देऊन ऐकणे, त्याची अडचण समजून घेणे, ती त्याच्या जागी उभे राहून जाणवून घेणे आणि मग मदत करणे. आपल्याकडे पहिली तीन कामे बऱ्याच जणी करतात. "गं, मला कळतंय तुझं, मीपण यातूनच गेलेय," असे म्हणणाऱ्या इन्चार्ज कमी नाहीत. गाडी अडते ती चौथ्यापाशी, कारण मदत करायची म्हणजे कोणाला तरी विरोध करावा लागतो : कधी डॉक्टरांना, कधी एचआरला, कधी मालकाला. रुग्ण दगावल्यावर गल्लीतली पन्नास माणसे वॉर्डात घुसतात, तेव्हा रुग्णसेवा करणाऱ्यांवरील हिंसाचाराविरुद्धचा राज्याचा 2010 चा कायदा परिचारिकांनाही लागू आहे हे कितीजणींना माहीत असते? त्या वेळी सर्वांत धाकट्या मुलीला पुढे न करता इन्चार्जने स्वतः पुढे येऊन बोलावे, सुरक्षारक्षक आणि पोलिसांना बोलवावे आणि दुसऱ्या दिवशी तक्रार नोंदवण्यासाठी तिच्यासोबत जावे, इतके झाले तरी वॉर्डाचा विश्वास बसतो.

इथवर मी इन्चार्जकडून मागितले. आता तिच्या बाजूने व्यवस्थापनांना सांगायचे आहे, कारण तिच्याकडून माया मागायची आणि तिला रजिस्टरांखाली गाडायचे, हे दोन्ही एकत्र चालत नाही. आज इन्चार्जपद सेवाज्येष्ठतेने मिळते. काल रुग्णाची ड्रेसिंग करणारी सिस्टर आज वीस-पंचवीस माणसांची प्रमुख होते आणि माणसे कशी सांभाळायची हे तिला कोणी एक दिवसही शिकवलेले नसते. तिचा दिवस इन्डेंट (साहित्याची मागणीपत्रे), स्टॉक, चादरींची मोजणी, जैववैद्यकीय कचऱ्याच्या नोंदी आणि तपासणीच्या फाइली यांत जातो. हरवलेली चादर आणि फुटलेला थर्मामीटर यांचे पैसे कोणाकडून वसूल करायचे, हे तिला विचारले जाते. दोन मुली कमी असताना वॉर्ड कसा चालवला, हे विचारले जात नाही. हा कागदी भार उचलायला प्रत्येक मोठ्या वॉर्डाला एक कारकून दिला, तर ती पुन्हा खाटांमध्ये फिरू लागेल आणि कोणती मुलगी थकली आहे हे तिला विचारावेही लागणार नाही.

आणि माणसेच पुरेशी नसतील, तर सगळ्यांत मायाळू इन्चार्जचा चार्टही क्रूर होतो. भारतीय परिचर्या परिषदेचे निकष शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांच्या सामान्य वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि इतरत्र पाच रुग्णांमागे एक परिचारिका, शिवाय रजेसाठी 30 टक्के जादा मनुष्यबळ असे आहेत. आपापल्या वॉर्डाशी हे आकडे ताडून पाहावेत, मी वेगळे काही बोलत नाही. लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील 168 रुग्णालयांचा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध केला, त्यात शस्त्रक्रियेच्या रुग्णांबाबत असे आढळले की, परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की दाखल झाल्यापासून 30 दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते आणि परिचारिका कामाने पिचून जाण्याची शक्यता 23 टक्क्यांनी. म्हणजे एका पगाराची बचत कोणाच्या तरी जिवावर होत असते.

पगाराचेही तेच. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 मधील आदेशानंतर नेमलेल्या समितीने 200 पेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयांत शासकीय परिचारिकांइतका पगार आणि 50 पेक्षा कमी खाटा असल्या तरी किमान 20,000 रुपये सुचवले होते. आपल्या शहरातील किती रुग्णालयांत हे पाळले जाते, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे. मूळ प्रमाणपत्रे कपाटात ठेवून घेऊन मुलींना अडकवण्याची पद्धत तर ताबडतोब बंद व्हायला हवी. कागद अडवून ठेवल्याने माणूस थांबतो, पण त्याचे मन आधीच निघून गेलेले असते. तसेच 50 किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असावी, अशी तरतूद 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात आणली गेली. बाळंतपणानंतर नोकरी सोडलेल्या किती अनुभवी सिस्टर या एका सोयीने परत आल्या असत्या, हा विचार व्यवस्थापनांनी केवळ हिशेबाच्या दृष्टीने केला तरी चालेल.

मुली पुण्या-मुंबईला, आखाती देशांत किंवा आता जर्मनीला निघाल्या की आपण "पैशाच्या मागे लागल्या" म्हणतो. पैसा हे कारण असतेच. पण राजीनामा हातात आल्यावर नाराजीने सही करण्याऐवजी अधिसेविकांनी स्वतः तिला चहाला बसवून विचारावे की, कोणत्या दिवशी तुझ्या मनात पहिल्यांदा सोडण्याचा विचार आला. त्या दिवशी काय झाले होते, हे ऐकले तर सोडून जाण्याचे कारण बहुधा रुग्णालयाच्या आतच सापडेल. याहून बरे म्हणजे हे संभाषण नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांतच करावे.

शेवटी खास आपल्या कोल्हापूरची एक गोष्ट. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरांत शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद झाला, गावांचे रस्ते तुटले, आणि वॉर्डात असलेल्या मुली तिथेच अडकल्या. पुढच्या शिफ्टच्या मुली येऊ शकत नव्हत्या, म्हणून आहेत त्याच एकामागून एक ड्युट्या करीत राहिल्या. त्यांतल्या काहींची घरे प्रयाग चिखली, आंबेवाडी किंवा कुरुंदवाडकडची होती. घरात पाणी शिरल्याचा फोन येत असताना सलाइन लावणाऱ्या मुलींचे आपण नंतर सत्कार केले. त्यांना आधी घरी पाठवता आले असते का, याची चर्चा मात्र केली नाही.

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट झाली की इशारा आणि 43 फूट झाली की धोका, हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. या दोन आकड्यांच्या मधला वेळ आपल्या हातात असतो. प्रत्येक इन्चार्जने मे महिन्यातच आपल्या वॉर्डातील कर्मचाऱ्यांची गावनिहाय यादी करावी : कोणाचे घर पूररेषेत आहे, कोणाचा रस्ता आधी बंद होतो, कोणाच्या घरी म्हातारे किंवा तान्हे मूल आहे आणि शहरात राहणाऱ्यांपैकी कोण जादा ड्युटीला तयार आहे. नदी 39 फुटांवर गेली की पूरग्रस्त गावांतील मुलींची ड्युटी बदलून त्यांना घर हलवायला दोन दिवस द्यावेत आणि शहरातल्या मुलींनी त्या भरून काढाव्यात. नंतर त्यांना त्याचे ऑफ मिळावेत. थांबणाऱ्यांसाठी कोरड्या जागेत झोपायची सोय, कुलूप लागणारे स्वच्छतागृह, गरम जेवण आणि फोन चार्ज करायची जागा आधीच ठरलेली असावी. ही यादी करायला एक दुपार पुरते. ती करताना वॉर्डातील मामा (वॉर्डबॉय), मावशी (आया) आणि सफाई कामगारांची नावेही तिच्यात घ्यावीत, कारण त्यांची घरे बहुतेक वेळा नदीच्या आणखी जवळ असतात.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका, कोल्हापूर